अनुभव धागा: बाइकचा गिअर नेमका कधी बदलायचा?

नवीन शिकणाऱ्याचा प्रश्न ठरलेला: किती स्पीडला कोणता गिअर? पुस्तिकेत आकडे असतात, पण मागे बसलेला भाऊ, रामझुला पुलाचा चढ आणि मे महिन्यातलं आपलं नागपूरचं ऊन त्यात धरलेलं नसतं. किस्से नकोत. काय करायचं आणि काय बिघडतं, तेवढं आपापल्या भागाच्या नावाखाली लिहा.

धंतोली
१००-११० सीसीच्या चार गिअरच्या गाडीचा ढोबळ हिशेब: पहिला फक्त गाडी हलवायला, १०-१५ ला दुसरा, २५-३० ला तिसरा, ४० च्या आसपास चौथा. हे एकटा माणूस आणि सपाट रस्ता धरून. डबल सीट असाल तर प्रत्येक आकड्यात पाच-सात वाढवा.

हिंगणा रोड
आकडे पाठ करण्यापेक्षा कान लावा. अ‍ॅक्सिलरेटर पिळूनही गाडी उचलत नाही, टाकी थरथरते, चेन झटके खाते, म्हणजे गिअर वरचा पडला आहे. कमी आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) जास्त पेट्रोल दिलं की पिस्टनवर दाब वाढतो, इंजिन तापतं आणि नॉकिंग, म्हणजे आतून ठोकल्यासारखा आवाज, सुरू होतं. ‘वरच्या गिअरमध्ये अ‍ॅव्हरेज मिळतो’ म्हणून वेरायटी चौकाच्या गर्दीत चौथा धरून बसणारे नेमके हेच करून राहिले असतात. उलट, आवाज चढतो पण स्पीड त्या मानाने वाढत नाही, तेव्हा पुढचा टाका. आरपीएमचं मीटर असेल तर १५० सीसीला साधारण ४५०० ते ५५०० वर बदला. ३००० च्या खाली चौथा-पाचवा ओढू नका.

सदर
चढावर गिअर आधी उतरवायचा, गाडी दमल्यावर नाही. सेमिनरी हिल्सच्या चढात मध्येच क्लच दाबला की वेग पडतो, मग दुसराही पुरत नाही.

महाल, गॅरेजवाला
हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी तोलून धरणं ही सगळ्यात महागाची सवय. सिग्नल लांब असेल तर न्यूट्रल करा. क्लचच्या प्लेटा घासल्या की इंजिन ओरडतं, गाडी मात्र तिथल्या तिथे. उन्हाळ्यात हे लवकर दिसतं. आणि कारचं ऑइल टाकू नका, बाइकचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, कारच्या ऑइलने तो घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा क्लचसाठीच्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघा.

मनकापूर
एक गोष्ट सुटली. स्प्लेंडरसारख्या गाडीत चारही गिअर पुढे दाबून पडतात. १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत पहिला खाली, बाकीचे वर. सवय पहिलीची आणि हातात दुसरी असेल तर ५० ला पुढचा समजून खाली दाबता, गिअर उतरतो आणि मागचं चाक लॉक होऊन घसरू शकतं. दुसऱ्याची गाडी घेतली की निघण्याआधी उभ्या उभ्या एकदा सगळे गिअर चाचपा.

वर्धा रोड
उतरवताना आधी ब्रेकने वेग कमी करा, मग एकेक खाली. क्लच हळू सोडा. चौथ्यावरून थेट पहिला टाकला तर पावसात ओल्या सिमेंट रस्त्यावर मागचं चाक बाजूला जातं. चौथा-पाचव्याच्या मध्ये पाय अर्धवट उचलला की गिअर बसत नाही, रेस नुसती पळते. पंजाने पूर्ण उचला. चपलेने ते नीट होत नाही.

महाल, गॅरेजवाला
कोणी विचारायच्या आधी: पहिला खाली असलेल्या गाडीत थांबल्यावर न्यूट्रल सापडत नसेल तर गाडी चालती असतानाच दुसऱ्यावरून हलकेच अर्धं दाबा. तरी अडत असेल तर क्लच वायर बघा. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी ढील हवी. जास्त झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खाडकन पडतो. अजिबात नसेल तर प्लेटा घसरतात. चेनची ढील २५-३० मिमीच्या आसपास. ती सैल असेल तर प्रत्येक गिअरला झटका बसतो आणि दोष गिअरबॉक्सला दिला जातो.