स्टिले कपलिंगने (ब्रोमीन आणि टिनची टोकं पॅलेडियमने जोडणं) पॉलिमर वाढतच नाही, पी३एचटी (पॉलि-३-हेक्झिलथायोफीन) मात्र हवा तेवढा लांब होतो, असं का?

रंगीतरेणू: मंडळी, एक डोनर-अ‍ॅक्सेप्टर (इलेक्ट्रॉन देणारी आणि घेणारी युनिटं आलटूनपालटून असलेलं) पॉलिमर करतोय, एका मोनोमरवर दोन ब्रोमीन, दुसऱ्यावर दोन ट्रायमिथाइलटिन, पॅलेडियम, टोल्युईन, रिफ्लक्स. रंग लगेच गडद होतो पण जीपीसीत (रेणूंचा आकार मोजणारी क्रोमॅटोग्राफी) एमएन (सरासरी रेणुभार) ७ हजारच्या वर जातच नाही. शेजारच्या बेंचवर निकेल कमीजास्त करून पी३एचटीची चेन हवी तेवढी मिळते, माझ्याकडे पॅलेडियम वाढवूनही फरक नाही.

निकेलवाला: मेकॅनिझमच वेगळा आहे रे. पी३एचटीत कपलिंग झाल्यावर निकेल चेन सोडत नाही, पाय (π) इलेक्ट्रॉनांवरून सरकत टोकाच्या कार्बन-ब्रोमीन बंधात शिरतं आणि पुढचा मोनोमर तिथेच जोडतं, म्हणून ५० मोनोमरला १ निकेल घेतलं तर चेनही साधारण ५० युनिटची. २००४ मध्ये योकोझावा आणि मॅक्कलॉ या दोघांच्या गटांनी ही चेन-ग्रोथ दाखवली, मला तर हा या विषयातला सगळ्यात सुंदर शोध वाटतो. तुझ्या स्टिलेत कुठलंही ब्रोमीनचं टोक कुठल्याही टिनच्या टोकाला जुळतं, म्हणजे स्टेप-ग्रोथ, तिथे कॅटॅलिस्ट वेग ठरवतो, लांबी नाही.

टिनशुद्धी: लांबी ठरते दोन मोनोमरच्या प्रमाणावर. कॅरोदर्सचं गणित (स्टेप-ग्रोथमध्ये चेनची लांबी काढायचं सूत्र) लावून बघ, १ टक्का तफावत असेल तर रिअ‍ॅक्शन पूर्ण होऊनही सरासरी १९९ मोनोमर, ५ टक्के असेल तर फक्त ३९, आणि तेही आदर्श परिस्थितीत. टिन मोनोमर शुद्ध करायला साध्या सिलिकाच्या कॉलमवर चालवू नको, टिन गळतं, रिक्रिस्टलाइज कर. शिवाय पॅलेडियम दोन-व्हॅलंटचं असेल तर ते रिड्यूस होताना टिन मोनोमरच खातं आणि होमोकपलिंग (टिन मोनोमर आपापसातच जोडले जाणं) होतं, प्रमाण आणखी बिघडतं. त्यापेक्षा शून्य-व्हॅलंट पॅलेडियमचं पीडी-टू-डीबीए-थ्री बरं. आणि ट्रायमिथाइलटिन प्रचंड विषारी आहे, सगळं फ्यूम हूडमध्येच, ग्लोव्ह्ज घालून.

सॉल्व्हंटप्रेमी: फ्लास्कमध्ये गाळ दिसतोय का तेही बघ. चेन सोल्यूशनमधून बाहेर पडली की वाढ थांबलीच, मग क्लोरोबेन्झीन घे किंवा साइड चेन लांब, फाटे असलेली लाव.

रंगीतरेणू: गाळ नाही. पण टिन मोनोमर तेलकट आहे, क्रिस्टल होतच नाही, मग?

टिनशुद्धी: मग प्रिपरेटिव्ह जीपीसीने (मोजायला नाही, वेगळं करायला वापरतात ती) शुद्ध करून काढ. नाहीतर एनएमआरमध्ये इंटर्नल स्टँडर्ड (ठाऊक वजनाचा दुसरा पदार्थ) टाकून खरी शुद्धता मोज आणि त्या हिशोबाने वजन घे, टिन किंचित कमीजास्त करून दोनतीन छोट्या रिअ‍ॅक्शन एकदम लाव, ज्यात एमएन सगळ्यात वर जाईल ते तुझं प्रमाण.