रेग्युलेटर नव्हे, कपॅसिटर बघा
छताचा पंखा ५ वर ठेवूनही रेंगाळतो आणि नवीन रेग्युलेटरनेही फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणाऱ्या छोट्या डबीवर. बटण बंद करून पातं हाताने फिरवा. खरखर न होता मोकळं फिरलं तर बेअरिंग ठीक आहे. चालू केल्यावर नुसता गुणगुणतो आणि ढकलल्यावरच फिरतो? मग कपॅसिटर गेलाच म्हणून समजा.

तो दांडीच्या खालच्या वाटीत असतो. हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा. भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका, फेज-न्यूट्रल (करंटची आणि परतीची वायर) उलटे जोडलेली घरं कमी नाहीत, तिथे बटण बंद असूनही पंख्यात करंट राहतो. जुन्यावर छापलेला आकडाच आणा, बहुतेक घरगुती पंख्यांना २.५ मायक्रोफॅरड. त्याच्या दोन वायरींना उलटसुलट नसतं, मात्र जोड घट्ट पिळून टेप नीट गुंडाळा. "३.१५ टाका, जोरात फिरेल" हा सल्ला हमखास मिळतो, ऐकू नका, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं. आणि कपॅसिटर न बदलताच कोणी रिवाइंडिंग, म्हणजे ही तार नव्याने गुंडाळणं, सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

हे साध्या पंख्याचं. बीएलडीसी (कमी वीज खाणारा, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा पंखा) असेल तर दोष बहुधा सर्किट बोर्डात.