प्रोसेसरचे न पटणारे तापमान : आपापले अनुभव लिहावेत

गेल्या आठवड्यात माझ्या घरच्या संगणकाने प्रोसेसर ४१ अंश, मदरबोर्ड ३६ अंश आणि ‘टेम्प ३’ नावाची कुठलीशी वस्तू १२७ अंश सेल्सिअस असल्याचे सांगितले. म्हणजे कॅबिनेटमध्ये चहाचे आधण ठेवायला हरकत नव्हती. शोध घेतल्यावर कळले की, देखरेखीच्या चिपवर तापमापक जोडण्यासाठी जेवढ्या जागा असतात, त्या सगळ्या मदरबोर्ड बनवणारा वापरतोच असे नाही, आणि रिकाम्या राहिलेल्या जागेवरून येणारा आकडा अनेकदा मोजपट्टीच्या टोकाचा असतो. आठ बिटांच्या चिन्हांकित संख्येत उणे १२८ ते १२७ एवढेच मावते, म्हणून नेमके १२७.

पुण्यात घरी यंत्र जोडणारे पुष्कळ आहेत. असे आकडे ज्यांना दिसले त्यांनी काय दिसले, काय करून पाहिले आणि अखेर कारण काय निघाले, हे सविस्तर लिहावे. नुसता ‘पेस्ट बदला’ (म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधला उष्णता वाहून नेणारा लेप बदला) हा सल्ला कृपया नको. तो आम्हाला पाठ आहे.

कोथरूडहून

माझी तक्रार उलट होती. एएमडी कंपनीच्या एफएक्स मालिकेतला सहा कोअरचा (म्हणजे सहा गणनकेंद्रांचा) प्रोसेसर मी कित्येक वर्षे वापरला. डिसेंबरातल्या एका सकाळी खोलीतला तापमापक २१ अंश दाखवत असताना प्रोसेसर मात्र ११ अंशांवर असल्याचे पडद्यावर दिसत होते. हवेवर चालणारा पंखा वस्तूला खोलीच्या तापमानापर्यंत आणू शकतो, त्याच्या खाली नेऊ शकत नाही; तेव्हा हा आकडा खोटा आहे, एवढे तरी शाळेतल्या विज्ञानावर ठरवता आले. मी आधी बायोस (संगणक सुरू होताना चालणारा मूळ प्रोग्राम) अद्ययावत केले, मग दुसरा प्रोग्राम बसवला, आणि तोही ११च म्हणाला, तेव्हा सेन्सर बिघडला असे मानून स्वस्थ बसलो.

पुढे लिनक्स या कार्यप्रणालीत प्रोसेसरचे तापमान वाचणाऱ्या ‘के१० टेम्प’ या ड्रायव्हरचे दस्तऐवज वाचताना उलगडा झाला. या प्रोसेसरांमधून जे मूल्य बाहेर येते ते पंखा आणि वेग यांच्या नियंत्रणासाठी ठरवलेल्या एका मनमानी मोजपट्टीवरचे असते. ते अंशांत लिहिलेले असले तरी चिपचे प्रत्यक्ष तापमान नव्हे, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. प्रोसेसर निवांत असताना ते मूल्य वास्तवापासून दूर असते, आणि कमाल मर्यादेकडे सरकताना मात्र उपयोगी ठरते. त्यानंतर मी ‘किती अंश’ हे पाहणे सोडून ‘मर्यादेला अजून किती अवकाश आहे’ एवढेच पाहू लागलो. बाहेरचा पारा शिमला ऑफिसने, म्हणजे पुण्याच्या वेधशाळेने, सांगावा. आतला कोणी सांगावा, याची सोय नाही.

सिंहगड रस्त्यावरून

२०१७ साली मी एएमडीचा रायझन १७००एक्स हा प्रोसेसर घेतला. काहीही काम चालू नसताना ५८ अंश! हीटसिंकला, म्हणजे प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या कूलरच्या धातूच्या ठोकळ्याला, हात लावला तर तो जेमतेम कोमट. तरीही मी पेस्ट दोनदा बदलली आणि तापकीर गल्लीत जाऊन आधीच्याहून मोठा कूलरही आणला. आकडा दोन अंशांनी उतरला. नंतर एएमडीचाच खुलासा वाचला, की १७००एक्स आणि १८००एक्स यांच्या कळवलेल्या आकड्यात २० अंश मुद्दाम मिळवलेले असतात, जेणेकरून सगळ्या मालिकेसाठी पंख्याचे एकच धोरण चालावे. साध्या १७०० मध्ये ही वाढ नाही. प्रोग्राम अद्ययावत करताच तो वजाबाकी करून ३६ दाखवू लागला. कूलर अजून आहे, शोभेला.

बिबवेवाडीहून

आमच्याकडे १०४ अंश दिसत होते. सुट्टीत अमेरिकेहून आलेल्या भाच्याने सेटिंग फॅरनहाइटवर नेले होते. म्हणजे ४० सेल्सिअस.

औंधहून

वरचे अनुभव वाचून कोणी आकडा खोटाच धरून चालू नये, म्हणून माझी फजिती लिहिते. घर बदलल्यावर संगणक सुरू केला, तर बायोसमध्येच तापमान काही सेकंदांत ९९ वर पोहोचले. हीटसिंक थंडगार होता. यजमान म्हणाले, ‘‘अगं, सेन्सर गेला असणार, हात लावून बघ की.’’ मलाही ते पटले आणि आठवडाभर आम्ही यंत्र तसेच वापरले. ते विलक्षण मंद झाले होते; साधा हिशेबाचा तक्ता उघडायलाही वेळ लागे. शेवटी कॅबिनेट आडवे करून पाहिले, तेव्हा कूलरच्या चार खिट्ट्यांपैकी दोन सामानाच्या हादऱ्यांनी निसटलेल्या आढळल्या. हीटसिंक थंड होता, कारण उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. मंदपणाचे कारणही तेच: इंटेलचा प्रोसेसर आपल्या मर्यादेशी, माझ्याकडे १०० अंशांशी, पोहोचला की स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवतो.

पुन्हा सिंहगड रस्त्यावरून

औंधच्या ताईंचे वाचून मी चपापलो, कारण थंड हीटसिंक हाच माझाही पुरावा होता. फरक मला असा दिसतो. माझा आकडा निवांत असताना आणि काम करताना सारखाच २० ने जास्त होता, आणि वेग कधीच पडला नाही. ताईंचा आकडा क्षणात उसळला आणि वेग कोसळला. म्हणून आकड्यासोबत प्रोसेसरचा गिगाहर्ट्झमधला वेगही पाहावा. वेग पडत असेल तर चिपचा स्वतःचा आपल्या सेन्सरवर विश्वास आहे असे समजावे.

कर्वेनगरहून

जुनी आठवण आहे. इंटेलच्या ‘कोअर २’ प्रोसेसरांच्या काळात एकाच यंत्रावर दोन प्रोग्राम नेमका १० अंशांचा फरक दाखवत. इंटेलचा सेन्सर तापमान सांगतच नसे. कमाल मर्यादेपासून आपण किती खाली आहोत, एवढेच तो सांगे, आणि वजाबाकी प्रोग्राम करी. ती मर्यादा एकाने १०५ धरली होती, दुसऱ्याने ९५. इंटेलने २००८ मध्ये मर्यादा जाहीर केल्यावर हा वाद बराचसा मिटला. शिवाय माझ्या चारपैकी एका कोअरचा सेन्सर कमी तापमानाला अडकून बसे आणि काम वाढले की हलू लागे. त्या पिढीत ही सर्रास तक्रार होती.

आणखी एक: असे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालवू नयेत. दोघेही त्याच चिपला प्रश्न विचारतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या पदरात पडते. मला त्यातून मदरबोर्डचे तापमान दर काही मिनिटांनी शून्य दिसत असे.

प्रारंभी लिहिणाऱ्याकडून

औंधचा अनुभव वाचून रात्री कॅबिनेट उघडले. चारही खिट्ट्या घट्ट आहेत, आणि भरपूर काम देऊनही ‘टेम्प ३’ १२७ वरून तसूभर हलले नाही. लिनक्सच्या सेन्सर यादीत त्याच्यापुढे ‘इग्नोर’ लिहून टाकले आहे.