वाचनालयासाठी फीड रीडर, चॅनल वगैरे... कुठून सुरू करू?

फळा_आणि_डिंक

नमस्कार मंडळी, आमचं 'ब' वर्ग तालुका वाचनालय आहे, मी तिथे २२ वर्षं ग्रंथपाल. रोज सकाळी पेपर आले की नोकरीच्या जाहिराती, शिष्यवृत्त्या, परीक्षांच्या तारखा कापायच्या, कागदावर डकवायच्या आणि दारातल्या फळ्यावर लावायच्या, अभ्यासिकेतली पोरं आधी तिथे थांबायची मग आत जायची. थांबायची म्हणतेय कारण हल्ली कोणी ढुंकून बघत नाही, मोबाईलवर आदल्या रात्रीच सगळं आलेलं असतं (त्यातलं निम्मं खोटं असतं ती गोष्ट वेगळी).

आता कार्यवाहांनी फर्मान काढलंय, मॅडम आपण पण ऑनलाइन दिसलो पाहिजे. भाचीने मला फीड रीडर (निवडलेल्या साइटवर नवीन आलेलं सगळं एकाच जागी दाखवणारं ॲप) लावून दिला, मी हौसेने ४० साइट टाकल्या आणि आठवड्याभरात ११०० न वाचलेले असा आकडा दिसायला लागला, खरं सांगते झोप उडाली. दुसरीकडे सभासदांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला तर त्यात नुसती सुप्रभातची फुलं, आणि वर एका वाचक ताईला ग्रुपमधून नंबर काढून कोणीतरी रात्री मेसेज करायला लागलं. तिचे वडील येऊन मला बोलून गेले, त्यांचं काही चुकलं नाही. म्हणून विचारते, हे सगळं नीट कसं करतात?

केबिन_नंबर_७

मॅडम आधी ते ११०० डोक्यातून काढा. तुमच्या वाचनकक्षात दिवसाला दहा पेपर येत असतील, त्यातलं प्रत्येक पान वाचलंच पाहिजे असं कधी वाटलं का? फीडचंही तेच, 'सगळं वाचलं' असं बटण असतं ते दर सोमवारी बिनधास्त दाबायचं. आणि ४० साइट फार झाल्या, त्यातल्या बातम्यांच्या साइट आधी उडवा, त्या दिवसाला शंभर-शंभर गोष्टी ओततात. क्वचित काहीतरी टाकणाऱ्या साइट ठेवा, फीडची खरी मजा तिथेच आहे, कारण महिन्यातून एकदा लिहिणाऱ्याकडे रोज जाऊन कोण बघणार?

साइटवर फीडचं ते नारिंगी चिन्ह दिसलं नाही तरी घाबरू नका. वर्डप्रेसवरचा ब्लॉग असेल तर पत्त्यापुढे स्लॅश फीड लावून बघा, बहुतेक वेळा चालतं. यूट्यूब चॅनलचा पत्ता डकवला तरी बरेच रीडर ओळखतात, म्हणजे व्याख्यानमाला वगैरे टाकणारी चॅनल तिथेच दिसतील.

जुना_खातेदार

एक भर घालतो. मी गूगल रीडरवर सहा-सात वर्षं संसार मांडला होता, १ जुलै २०१३ ला त्यांनी दुकानच बंद केलं. तेव्हापासून शहाणा झालो, कुठलाही रीडर वापरा पण सेटिंगमध्ये ओपीएमएल म्हणून फाइल उतरवून घ्यायची सोय असते ती वर्षातून दोनदा उतरवा. तुमच्या सगळ्या साइटची यादी त्यात असते, उद्या रीडर बदलला तर तीच फाइल तिकडे चढवायची. पुस्तकांच्या दाखलखारिज नोंदवहीची दुसरी प्रत समजा.

सरकारी साइटचं मात्र रडगाणं आहे, कितीतरी ठिकाणी फीडच नसतो. तिथे गूगल अलर्ट (दिलेल्या शब्दांचं काही नवीन आलं की कळवणारी गूगलची सोय) लावायचा, 'जिल्हा परिषद भरती' आणि तुमच्या जिल्ह्याचं नाव असं काहीतरी, आणि ईमेलऐवजी फीड निवडायचं, तो पत्ता रीडरमध्ये टाकायचा. कचराही येतो बरोबर, पण येतं.

आडगावची_वाचक

ग्रुप आजच बंद करा!! चॅनल काढा. २०२३ च्या सप्टेंबरपासून व्हॉट्सॲपवर ती सोय आपल्याकडे आलीय, त्यात फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि लिहिणारे फक्त तुम्ही, बाकीचे फार तर अंगठा नाहीतर बदाम देणार. फुलांचा प्रश्न पण मिटला. कोणी ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा जातो ती सोय) सुचवेल, पण ती २५६ जणांची आणि समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज पोचतच नाही, आमच्या मंडळात यावरून दोन रुसवेफुगवे झालेत.

आणि अख्ख्या पेपरची पीडीएफ रोज चॅनलवर टाकायचा मोह होईल, टाकू नका, ते कॉपीराइटमध्ये बसत नाही. आपल्या शब्दात दोन ओळी लिहा, शेवटची तारीख लिहा आणि मूळ जाहिरातीची लिंक द्या.

केबिन_नंबर_७

+१. आणि मॅडम, पोरांना लिंकची टंचाई नाहीये, दिवसाला पन्नास येतात. मी स्वतः अभ्यासिकेत चार वर्षं काढलीत, खोट्या भरतीचा फॉर्म भरून ५०० रुपये घालवलेत. तुम्ही मूळ साइटवर जाऊन बघून टाकलंय एवढं कळलं की चॅनल आपोआप पसरेल. 'ही जाहिरात खोटी आहे' असंही टाकत जा, तेच सगळ्यात जास्त फॉरवर्ड होईल बघा.

फळा_आणि_डिंक

सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय. साइट १२ वर आणल्या. सकाळी चहा होईपर्यंत रीडर चाळते, दोन-तीन गोष्टी निवडते, मूळ साइटवर खातरजमा करते मग चॅनलवर. ग्रुप बंद केला, त्या ताईला आधी फोन करून सांगितलं, ती परत यायला लागलीय. परवा एक खोटी भरती पकडली, संस्थेचं नाव खरं आणि पैसे भरायचं खातं भलतंच. फळ्यावरही लावते अजून, कारण दुपारी येणाऱ्या आजोबांकडे साधा फोन आहे.

आता नवीन डोकेदुखी. 'नवीन आलेली पुस्तकं' म्हणून कपाटाचा फोटो टाकला, तर संध्याकाळी सात जण एकाच पुस्तकासाठी हजर आणि प्रत एकच. कागदावर नंबर लावलेत, पण चौथ्या नंबरचे काका रोज येऊन विचारतात. यावर काही ॲप आहे का?