मोठ्या बँकेतली नोकरी: आत काम करणाऱ्यांनी लिहा

माझ्या भाचीला एकाच आठवड्यात दोन ऑफर आल्या आहेत. एक मोठ्या बँकेची, दुसरी पंचवीस माणसांच्या कंपनीची. घरच्यांनी तिला न विचारताच बँकेला कौल दिला. मी आजवर बँक पाहिली ती खिडकीच्या अलीकडून. ज्यांनी पलीकडे बसून दिवस काढले आहेत त्यांनी जरा लिहा. पगार, सुट्ट्या, कर्जावरची सवलत हे तिला पत्रातच कळलं आहे. रोजचं काम कसं असतं ते सांगा.

सिस्टीम्समध्ये 11 वर्षं

लॅपटॉप पहिल्या दिवशी मिळाला. लॉगिन सोळाव्या दिवशी. तोवर मी सुरक्षेवरचे सगळे व्हिडिओ दोनदा पाहिले.

माझं पहिलं काम होतं एका स्क्रीनवरचा चुकलेला शब्द दुरुस्त करणं. कोडमध्ये दोन मिनिटांचं काम. मग टेस्टिंग, सिक्युरिटीचा शेरा, बिझनेसवाल्यांची सही, चेंज कमिटी. कमिटीची तारीख मिळाली तोवर वर्षअखेरचा फ्रीझ लागला. म्हणजे हिशेब बंद होईपर्यंत प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहकांसाठी चालू असलेल्या सिस्टीमला, कोणी हात लावायचा नाही. शब्द सुधारला तेव्हा दोन महिने उलटले होते.

हे ऐकून भाची पळेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. बँकेत रात्री बॅच चालते: व्याज, हप्ते, पगाराच्या फायली, सगळं ओळीनं. एक काम अडकलं की मागची सगळी खोळंबतात. एका रात्री पगाराची फाइल अडकली. पहाटे आम्ही निवृत्तीला आलेल्या एका सरांना उठवलं. बॅच लिहिलेली कोबॉलमध्ये. ही 1959 साली आखलेली प्रोग्रामिंगची भाषा, आणि ती नीट येणारे आमच्याकडे तेवढेच उरलेले. त्यांनी फोनवरच विचारलं, "शेवटच्या ओळीत नोंदींचा आकडा किती लिहिलाय, आणि आत प्रत्यक्षात किती आहेत?" एकाचा फरक निघाला. सकाळी लाखो लोकांच्या खात्यात पगार जमा होता आणि रात्री काय झालं याचा कोणाला पत्ताही नव्हता. असं शिक्षण मला दुसरीकडे कुठे मिळालं नसतं.

शाखेत 6 वर्षं, आता बाहेर

वर सिस्टीम्सवाल्यांनी लिहिलंय, त्यांचं नशीब चांगलं, त्यांना ग्राहकाच्या डोळ्यांत बघावं लागलं नाही. आमच्याकडे रोज सकाळी टार्गेटची बैठक व्हायची. मुदत ठेव मोडायला आलेल्या आजोबांना विमा विकून दाखव, असं मला सर्वांसमोर सांगितलं गेलं. मी विकला. पुढच्या वर्षी ते पैसे मागायला आले तेव्हा मी आत जाऊन बसले.

2016 मध्ये अमेरिकेत वेल्स फार्गोचं प्रकरण बाहेर आलं. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली होती, बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला. लोक विचारत होते, कोणी असं कसं करू शकतं? मला तो प्रश्न पडला नाही.

ट्रेझरी बॅक ऑफिस, अजून आतच

ट्रेझरी म्हणजे बँकेच्या स्वतःच्या पैशांचे सौदे, आणि आम्ही मागे बसून त्यांच्या नोंदी सांभाळतो. आमच्याकडे वर्षातून एकदा सलग दोन आठवड्यांची रजा सक्तीची असते. मेल बघायची नाही, लॉगिनही बंद. बाहेरच्यांना हे लाड वाटतात. खरं कारण असं, की एखाद्यानं काही लपवलं असेल तर ते रोज सांभाळावं लागतं. तो दोन आठवडे नसला की उघडं पडतं.

बेअरिंग्ज ही 1762 पासूनची बँक 1995 मध्ये बुडाली. तिचा सिंगापूरमधला कर्मचारी निक लीसन सौदेही करायचा आणि त्या सौद्यांची नोंद-पूर्तताही त्याच्याच हाताखाली होती. तोटे 88888 नावाच्या खात्यात साचत गेले, 82.7 कोटी पाउंडांपर्यंत. बँक शेवटी एका पाउंडाला विकली गेली. म्हणून आता मेकर वेगळा, चेकर वेगळा. मी टाकलेली नोंद मी स्वतः मंजूर करू शकत नाही, मग ती कितीही किरकोळ असो.

माझं सांगतो. पहिल्या सक्तीच्या रजेत माझ्या जागी बसलेल्या मुलीला रेकोमध्ये (रिकन्सिलिएशनला, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी जुळवून पाहण्याला, आम्ही रेको म्हणतो) एक न जुळलेली नोंद सापडली. परदेशी चलनातली, तीन महिने जुनी. लबाडी नव्हती, निव्वळ आळस. मी ती रोज पुढच्या दिवसावर ढकलत होतो. परत आलो तर टेबलावर तिची प्रिंट ठेवलेली. कोणी ओरडलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

आठ वर्षांनी लहान कंपनीत गेलेली

मुलाखतीत विचारलं, "यातलं तुम्ही स्वतः काय केलंत?" मी प्रत्येक वाक्य "आम्ही" पासून सुरू करत होते. मला येणाऱ्या गोष्टींतल्या निम्म्या म्हणजे आमच्याच बँकेच्या फॉर्मांची नावं होती.

रिटेल क्रेडिट

मी आजारी पडले, सात महिने घरी होते. पगार येत राहिला, उपचारांचा खर्च विम्यातून गेला. परतले तर माझी फाइल तिसऱ्याच माणसाकडे सुरळीत चाललेली. आधी वाईट वाटलं, इतकी वर्षं घासली आणि आपल्यावाचून काहीच अडलं नाही! मग लक्षात आलं, अडलं असतं तर मला सात महिने मिळाले नसते.

याच बँकेनं दोन वर्षांनी शेजारचा अख्खा विभाग दुसऱ्या देशात हलवला. तिथेही काही अडलं नाही.

ट्रेझरीवाले परत

भाचीला एक सांगायचं राहिलं. "बँक" म्हणून हो-नाही ठरवू नकोस, विभाग विचार. आमच्या काही विभागांत स्वतःचे शेअर विकायलाही आधी परवानगी लागते, नवऱ्याचे-बायकोचेसुद्धा. आणि बढती कशावर मिळते ते विचार. विक्रीच्या आकड्यावर असेल तर शाखेतल्या ताईंचं पुन्हा वाच.

भाचीची मावशी

विचारलं तिनं. विभाग निघाला रिकन्सिलिएशन! बढतीबद्दल एचआरनं "परफॉर्मन्सवर" एवढंच सांगितलं. ट्रेझरीवाले, तिचे अजून दोन-तीन प्रश्न आहेत, तुम्हाला विचारले तर चालतील ना?

ट्रेझरीवाले

खुशाल. फक्त या आठवड्यातच विचारा. सोमवारपासून माझी सक्तीची रजा आहे, आणि अजून दोन नोंदी जुळायच्या आहेत.