तास दहा हजारांवर गेले की एक्सेलची बेरीज कमी येते

गेवराईकर: राम राम मंडळी. शेततळ्याच्या कामावरच्या तीन मशिनींचे आजवरचे तास एक्सेलात मांडलेत: १०४१८:३०, ७२६०:१५ आणि ४१०५:४५. बेरीज आधी १४:०० आली. फॉरमॅटमध्ये एच चौकोनी कंसात घातल्यावर ११३६६:०० झाली. हाताने केली तर २१७८४:३० येते. पहिल्या मशिनीचे तास गेले कुठे?

जालना_हिशेब: भाऊ, दोन वेगळ्या भानगडी आहेत. १४:०० ही फक्त दिसण्याची चूक. साधा फॉरमॅट दर २४ तासांनी पुन्हा शून्यावर येतो, चौकोनी कंस घातला की येत नाही. ती तुम्ही काढलीच.

दुसरी खरी. एक्सेलात टाइप करून जास्तीत जास्त ९९९९:५९:५९ एवढीच वेळ घालता येते. त्यापुढचं सगळं ते मजकूर समजतं आणि सम फंक्शन मजकूर मुकाट्याने सोडून देतं. एरर नाही, काही नाही! उरलेल्या दोन मशिनींची बेरीज बरोबर ११३६६:०० होते, बघा. सम न वापरता अधिक चिन्हाने बेरीज केली असती तर व्हॅल्यू एरर तरी दिसली असती. सेलला अलाइनमेंट दिलेली नसेल तर मजकूर डावीकडे चिकटतो, त्यावरून ओळखा. रकाना मोठा असेल तर काउंट आणि काउंटए यांचे आकडे जुळतात का ते पाहा.

मर्यादा टाइप करण्यापुरतीच आहे. सूत्रातून आलेलं उत्तर दहा हजारांपुढे खुशाल जातं. म्हणून त्या सेलमध्ये =१०४१८/२४+३०/१४४० असं घाला. दिवस म्हणजे १, म्हणून तासांना २४ ने आणि मिनिटांना १४४० ने भागायचं.

लातूर_शीट: शंभर-दोनशे ओळी असतील तर हाताने कशाला? उजवीकडे एक रकाना रिकामा ठेवा, नाहीतर तिथली माहिती पुसली जाईल. मग टेक्स्ट टू कॉलम्समध्ये डिलिमिटेड निवडून ‘अदर’च्या चौकटीत कोलन द्या. तास आणि मिनिटं वेगळी झाली की तास + मिनिटं/६०.

गेवराईकर: ७२६०:१५ वर क्लिक केलं तर वर २८ ऑक्टोबर १९०० दिसतंय. हे काय?

जालना_हिशेब: घाबरू नका. ७२६०:१५ म्हणजे ३०२ दिवस १२ तास १५ मिनिटं. एक्सेल १ जानेवारी १९०० ला पहिला दिवस धरून मोजतं, म्हणून ती तारीख. आकडा शाबूत आहे.

लातूर_शीट: माझं मत विचाराल तर मीटरच्या रीडिंगला वेळेचा फॉरमॅट देऊच नका. मशिनीचा मीटर बहुधा दशांशातच असतो: १०४१८.५. साध्या नंबर फॉरमॅटमध्ये लिहा, मग मर्यादेचा प्रश्नच येत नाही आणि डिझेलचे लिटर थेट तासांनी भागता येतात. वेळेच्या फॉरमॅटमधल्या बेरजेने भागायचं तर आधी तिला २४ ने गुणावं लागतं. दोन गोष्टी सांभाळा. मीटरवरचा .३ म्हणजे १८ मिनिटं, ३० नव्हे. आणि १०४१८.५ हा आकडा चुकून चौकोनी कंसवाल्या सेलमध्ये गेला तर एक्सेल त्याला दिवस समजून २५००४४:०० दाखवेल.