लिमिट, रिस्ट्रिक्ट आणि मधला तो 'टू' : तुमचे अनुभव लिहा

सुदामानगरची लेक
काल लेकीचा अभ्यास घेत होते, आठवीत आहे, प्रश्नाखाली लिहिलेलं 'लिमिट युवर आन्सर टू ५० वर्ड्स'. ती म्हणाली, आई, म्हणजे पन्नासच्या वर जायचं नाही ना. आणि मला एकदम बाबांचा तो कागद आठवला. २००३ ची गोष्ट, बाबा दादाकडे अमेरिकेला चालले होते, तिथल्या डॉक्टरांसाठी खाण्यापिण्याचं इंग्रजीत लिहून न्यायचं होतं. घरात इंग्लिश मिडियमची मी एकटीच, अकरावीत. बाबांना शुगर. आई म्हणाली, लिही, साखर आणि भातावर बंधन आहे. मी अक्षर काढून काढून लिहिलं 'ही इज रिस्ट्रिक्टेड टू शुगर अँड राइस'. बाबांनी कागदाच्या चार घड्या करून पासपोर्टच्या कव्हरात ठेवला. तिथल्या नर्सने दादाला फोन केला, तुमचे वडील फक्त साखर आणि भातच खातात का म्हणून. दादाने सांभाळून घेतलं, काही झालं नाही, पण नसतं विचारलं तर? किती रात्री माझ्या डोक्यातून जाईना. बाबा परत आले ते एक शब्द बोलले नाहीत, माझ्यासाठी जाडजूड डिक्शनरी घेऊन आले. आता बाबा नाहीत. तुमचं कुणाचं असं झालंय का?

शिकवणीवाली
ताई, डोळ्यात पाणी आलं गं. मी राजेंद्रनगरला शिकवण्या घेते, ही चूक दर बॅचला येते आणि त्यात मुलांचा दोष नाही, आपल्या मराठीत बंधन साखरे'वर' असतं ना. नाम वापरलं तर तो 'वर' तसाच चालतो, रिस्ट्रिक्शन ऑन शुगर, लिमिट ऑन शुगर, एकदम बरोबर. पण क्रियापद आलं की 'टू'च्या पुढे जे येतं ते शिल्लक राहिलेलं असतं, तोडलेलं नाही. मी सरळ सांगते, 'टू' म्हणजे 'पुरतं'. 'आय लिमिट मायसेल्फ टू टू रोटीज', दोन पोळ्यांपुरतं. आणि साखरच कमी करायची तर मधे काही घालायचंच नाही, 'ही मस्ट लिमिट शुगर', झालं. कुकरची शिट्टी होतेय, येते परत

पोहेजिलबी
पुरतं!! हे शाळेत कुणी का नाही सांगितलं. आम्हाला 'लिमिट म्हणजे मर्यादा' दहा वेळा लिहायला लावलं, वाक्य एकही नाही

महूवाला
बसमध्ये वाचून राहिलोय. महूला वाढलो, छावणीत जागोजागी पाट्या, एन्ट्री रिस्ट्रिक्टेड, तर आमच्या डोक्यात रिस्ट्रिक्टेड म्हणजे बंद, विषय संपला. नोकरी लागल्यावर स्टोअरच्या दारावर मी पाटी छापून लावली, 'एन्ट्री रिस्ट्रिक्टेड टू विझिटर्स'. म्हणजे फक्त पाहुण्यांनी आत या आणि स्टाफने बाहेर थांबा. तीन दिवस लागलेली होती. ऑफिसातल्या एका मोठ्या बाईंनी मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, चारचौघांत नाही. त्यांचे उपकार विसरणार नाही मी

सराफ्याजवळ
महूत कुठे भिया? माझी आत्या तिथलीच

महूवाला
बाजाराच्या मागे. आता घर विकलं

पुण्यात अडकलेली
विषय सोडून विचारते, आपल्या इंदूरच्या सराफ्यात तळलेल्या कंदाचे ते गराडू आले का? इथे मिळत नाहीत हो

सराफ्याजवळ
आलेत की, परवाच खाल्ले, वरून जीरावन मसाला आणि लिंबू. डॉक्टरांनी तळलेलं लिमिट करायला सांगितलंय, म्हणून एका प्लेटीपुरतं 😊

पोहेजिलबी
बघा, लगेच 'पुरतं' कामाला आलं!

हिशेबवाला
शिकवणीवाली ताई, तुमच्यामुळे माझी जुनी गाठ सुटली. कंपनीच्या नावामागे लिमिटेड लागतं ते का, तर भागधारकाच्या शेअरचे जेवढे पैसे भरायचे बाकी तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी, त्याच्या घरादाराला हात लावता येत नाही. 'लायबिलिटी इज लिमिटेड टू' हे परीक्षेसाठी दोन वर्षं घोकलं, अर्थ आज डोक्यात बसला. खरंच

रात्रपाळी
ताई एक विचारायचं होतं, 'टू'नंतर ईट की ईटिंग? इंटरव्ह्यूत तिथेच अडकले, पुढचं सगळं गेलं

शिकवणीवाली
ईटिंग. 'शी लिमिट्स हरसेल्फ टू ईटिंग वन्स अ डे.' हा 'वाँट टू'मधला 'टू' नव्हे, याच्यापुढे नाम लागतं किंवा नामासारखं आयएनजीवालं रूप. आणि एका 'टू'वरून मन खट्टू करू नको बाळा, पुढच्या वेळी होईल. हवं तर मेसेज कर, आपण दोघी बसून वाक्यं करू.

तिसरा मजला
आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, सोसायटीच्या ग्रुपवर उन्हाळाभर 'प्लीज लिमिट टू वॉटर' फिरत होतं, मीच टाकलेलं. आता 'प्लीज लिमिट वॉटर यूज' करते. सुदामानगरच्या ताई, बाबांनी डिक्शनरी आणली यातच सगळं आलं हो

सुदामानगरची लेक
सगळ्यांना एकेकाला उत्तर देता येत नाहीये, दूध तापत ठेवलंय. लेकीला 'पुरतं' सांगितलं, तिला पटकन कळलं. तिने वहीत लिहिलंय 'ग्रँडपा लिमिटेड हिज टी टू वन कप'. आजोबा दोन प्यायचे, दुसरा आजीला दुपारी झोप लागली की. पण वाक्य बरोबर आहे ना?

शिकवणीवाली
शंभर टक्के बरोबर.